परक्यांच्या पैशाचा कारभारी

फ्लॉरिडा राज्यातील टँपा शहरानजीक घर घेऊन राहिलेल्या माझ्या भाचीने गृहप्रवेशानंतर पंधरवड्याच्या आत आपल्या पुढच्या दाराशी एक लहानसे तुळशीवृंदावन मांडले, आणि त्यानंतर महिना उलटतो न उलटतो तोच तिला वसाहतीकडून एक पत्र आले. पत्राची भाषा सभ्य होती. वसाहतीच्या नियमावलीतील अमुक कलमान्वये घराच्या दर्शनी भागी पूर्वपरवानगीवाचून कायम स्वरूपाची कोणतीही वस्तू मांडता येत नाही, सबब ती चौदा दिवसांत हलवावी अथवा सोबतच्या नमुन्यात अर्ज करावा, एवढाच त्याचा आशय होता. भाचीने अर्ज केला, परवानगी मिळाली आणि तुळस होती तेथेच राहिली. परंतु पत्राखाली ज्यांची सही होती त्यांच्या नावापुढे ‘एल.सी.ए.एम.’ अशी अक्षरे आणि त्यापुढे एक क्रमांक होता. तो पाहून तिने मला फोनवर विचारले, “मामा, हे कुणी सरकारी अधिकारी आहेत का?”

ते सरकारी अधिकारी नव्हते. वसाहतीने वेतन देऊन नेमलेले ते मॅनेजर होते. आणि ती अक्षरे व तो क्रमांक म्हणजे, इतरांच्या सामाईक मिळकतीचा आणि सामाईक पैशाचा कारभार मोबदला घेऊन पाहण्यासाठी त्या राज्याने त्यांना दिलेली सनद होती.

भाचीच्या या साध्या प्रश्नाने मला स्वतःचा एक जुना मनस्ताप आठवला. मी काही वर्षे एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मानद सेक्रेटरी होतो. आमच्या संस्थेचा जमाखर्च, मासिक बिले, थकबाकीच्या नोटिसा, सभांची इतिवृत्ते आणि पाण्याच्या टाकीपासून लिफ्टपर्यंतची सारी देखभाल ज्याच्या भरवशावर चालत असे, तो मॅनेजर पगारवाढीवरून बिनसल्यामुळे एके दिवशी काम सोडून गेला, आणि जाताना सभासदांची नोंदवही, भागदाखल्यांची नोंदवही आणि पाच वर्षांची व्हाउचरे असे सारे दप्तर आपल्या घरी घेऊन गेला. ते परत मिळविण्यास आम्हांस सात महिने लागले. त्या अवधीत एका वृद्ध सभासदाच्या पश्चात त्याच्या पत्नीच्या नावे सदनिका करून देण्याचे काम केवळ नोंदवही हाती नाही म्हणून खोळंबले, आणि त्या बाई दर आठवड्याला माझ्या दाराशी येऊन काही न बोलता उभ्या राहत. आम्ही ज्यांच्याकडे दाद मागू गेलो त्या प्रत्येकाने एकच उत्तर दिले: माणूस तुम्ही नेमलात, तुम्हीच पाहा. तो मॅनेजर पुढच्याच महिन्यात शेजारच्या गल्लीतील दुसऱ्या सोसायटीत कामावर रुजू झाला होता, आणि त्यास तेथे जाण्यापासून रोखणारी कोणतीही सत्ता अस्तित्वात नव्हती.

म्हणूनच भाचीच्या पत्रावरील तो क्रमांक मला महत्त्वाचा वाटला. सनद मिळण्यासाठी किती तास शिकावे लागते हा प्रश्न गौण नाही. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, जी सनद मिळते ती काढूनही घेता येते, आणि काढून घेणारा हात नेमणूक करणाऱ्याहून निराळा असतो.

अमेरिकेतील या वसाहतींची घडण आपल्या सहकारी संस्थांहून काहीशी भिन्न आहे. आपल्याकडे सदनिकाधारक एकत्र येऊन निबंधकाकडे संस्था नोंदवितात. तिकडे बांधकाम करणारा विकासकच पहिले घर विकण्यापूर्वी वसाहतीचे निर्बंधपत्र सरकार-दरबारी नोंदवून ठेवतो, आणि त्या भूमीवरील घर जो कोणी विकत घेईल तो खरेदीखतावर सही करताक्षणीच घरमालक संघाचा सभासद होतो. ज्याला तेथील आपले मराठी लोक सुटसुटीतपणे ‘एचओए’ म्हणतात तो हा संघ. सभासद व्हावे की न व्हावे हा विकल्प घेणाऱ्यास नसतो. रस्ते, दिवे, हिरवळी, तलाव, विमा आणि राखीव निधी यांसाठी संघ वर्गणी आकारतो, आणि ती थकली तर तिचा बोजा घरावर चढून प्रसंगी घराचा लिलावही होऊ शकतो. संघाचे संचालक मंडळ सभासदांतून निवडले जाते आणि बहुधा विनावेतन काम करते. अशा संघांची संख्या १९७० साली सुमारे दहा हजार होती. या क्षेत्रातील देशव्यापी संस्थेच्या गणनेनुसार ती आज साडेतीन लाखांच्या पुढे गेली असून सात कोटींहून अधिक माणसे त्यांच्या छत्राखाली राहतात.

दिवसभर स्वतःची नोकरी अथवा व्यवसाय करून रात्री सभेला बसणाऱ्या संचालकांना एवढा पसारा सांभाळता येत नाही, आणि येथे मॅनेजरचा प्रवेश होतो. अंदाजपत्रक तोच मांडतो, ठेकेदारांची दरपत्रके तोच मागवितो, सभेची सूचना किती दिवस आधी द्यावयाची आणि गणपूर्ती झाली की नाही हे तोच मोजतो, आणि कोणाकडे किती थकबाकी आहे याचा आकडाही त्याच्याच वहीतून निघतो. संचालक दर निवडणुकीला बदलतात, मॅनेजर राहतो. कायद्याच्या दृष्टीने तो सेवक असला तरी माहितीच्या बळावर तो सर्वांचा वरिष्ठ होऊन बसतो, आणि ज्या संस्थेचे संचालक अनभिज्ञ व सभासद उदासीन असतात तेथे त्याच्या सचोटीवाचून दुसरे कोणतेही संरक्षण उरत नाही.

फ्लॉरिडाने हे फार लवकर ओळखले. निवृत्तीनंतर उबदार हवेसाठी उत्तरेकडून येऊन समुद्रकाठच्या इमारतींत वर्षाचे काही महिने राहणारी आणि उरलेल्या काळात घराला कुलूप लावून दूर जाणारी लक्षावधी वृद्ध माणसे ज्या राज्यात आहेत, तेथे परस्थ मालकाच्या पैशाचा प्रश्न अधिक निकडीचा असणे स्वाभाविकच होते. १९८७ साली तेथील विधिमंडळाने मॅनेजरांसाठी सनदेचा कायदा केला. दहाहून अधिक घरे असलेल्या, किंवा ज्याचे वार्षिक अंदाजपत्रक एक लाख डॉलरांहून अधिक आहे अशा कोणत्याही संघाचे व्यवस्थापन मोबदला घेऊन करावयाचे असेल तर सनद आवश्यक आहे, मग तो संघ स्वतंत्र घरांचा असो वा एकाच इमारतीतील सदनिकांचा. यातील ‘मोबदला घेऊन’ हे शब्द मोलाचे आहेत. कारण आपल्याच वसाहतीचे काम सेवाभावाने करणाऱ्या सभासदाला कायदा अडवीत नाही. तसेच सनदी मॅनेजरच्या हाताखाली केवळ कारकुनी करणारा अथवा केवळ दुरुस्तीचे काम पाहणारा कामगार यांनाही सनद लागत नाही. मात्र संघाचा पैसा हाताळणे, अंदाजपत्रक तयार करणे, सभा भरविण्यास साह्य करणे, देखभालीची कामे जुळविणे यांपैकी काहीही तो करू लागला, तर त्याने सनद घेतलीच पाहिजे.

उमेदवार अठरा वर्षांचा असावा लागतो. त्याच्या बोटांचे ठसे घेऊन त्याच्या पूर्वायुष्यातील गुन्ह्यांची चौकशी होते, आणि त्याचे चारित्र्य चांगले आहे की नाही याचा विचार केला जातो. ‘चारित्र्य’ हा शब्द कायद्याच्या कलमातच आहे. त्यानंतर सोळा तासांचे पूर्वप्रशिक्षण, ज्यात संघांविषयीचे राज्याचे व केंद्राचे कायदे, सभांची कार्यपद्धती, अंदाजपत्रक व हिशेब, विमा आणि देखभालीचे व्यवस्थापन हे विषय असतात. मग शंभर प्रश्नांची परीक्षा. उत्तीर्ण होण्यास शेकडा पंचाहत्तर गुण लागतात. सनदेची मुदत दोन वर्षांची असून ती प्रत्येक सम वर्षाच्या ३० सप्टेंबरला संपते, आणि नूतनीकरणापूर्वी पंधरा तासांचे पुनःप्रशिक्षण पुरे करावे लागते. घरमालक संघाचे काम पाहणाऱ्यांसाठी २०२४ च्या कायद्याने असे ठरविले की, या तासांपैकी पाच तास घरमालक संघांविषयीच्या शिक्षणाचे असावेत, आणि त्या पाचांतील तीन केवळ दप्तर कसे राखावे या विषयाला द्यावेत. दप्तरासाठी सात महिने हेलपाटे घातलेल्या मनुष्याला हे तीन तास किती समाधान देतात, हे मी शब्दांत सांगू शकत नाही.

मॅनेजरच्या अधिकाराची दुसरी सीमा न्यायालयाने आखून दिली आहे. संघाचे दस्तऐवज आणि कायदे नित्य हाताळणारा मनुष्य हळूहळू वकिलासारखा सल्ला देऊ लागतो, आणि सभासद तो निमूटपणे मानू लागतात, हा अनुभव आपल्याकडेही आहे. १९९६ साली फ्लॉरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने याविषयी मत दिले की, सरकारी कार्यालयाचा ठरावीक नमुना भरून देणे हे कारकुनी स्वरूपाचे काम मॅनेजरने करण्यास हरकत नाही; परंतु थकबाकीसाठी घरावर बोजा चढविण्याचा दस्त लिहिणे म्हणजे वकिली करणे होय, आणि ते काम वकिलाचेच आहे. ज्या कागदाने एखाद्याचे घर जाऊ शकते तो कागद कोणी लिहावा याचा विचार एका राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने इतक्या बारकाईने करावा, ही गोष्ट मला त्या राज्याच्या न्यायबुद्धीचे लक्षण वाटते.

सोळा तास पुरेसे आहेत काय? माझ्या मते नाहीत. त्याच फ्लॉरिडात केशकर्तनकाराच्या परवान्यासाठी नऊशे तासांचे शिक्षण आवश्यक आहे. केशकर्तन हे कौशल्याचे व आरोग्याशी संबंधित काम आहे हे मान्य करूनही, कोट्यवधी डॉलरांची मिळकत सांभाळणाऱ्याला दोन दिवसांचे शिक्षण पुरावे हे पटत नाही. नेव्हाडा राज्याने साठ तासांचे शिक्षण घातले आहे आणि इलिनॉय राज्याने वीस तासांचे. परंतु केवळ तासांची तुलना करीत बसल्यास कायद्याचे खरे बळ दृष्टीआड होते. फ्लॉरिडातील सभासदाला मॅनेजरविरुद्ध राज्याच्या व्यवसाय-नियमन खात्याकडे तक्रार करता येते. घोर निष्काळजीपणा, गैरवर्तन अथवा आपला हितसंबंध लपवून केलेला करार सिद्ध झाल्यास खाते प्रत्येक आरोपाबद्दल पाच हजार डॉलरांपर्यंत दंड करू शकते, सनद स्थगित करू शकते किंवा रद्द करू शकते. आणि सनद रद्द झालेल्या मनुष्याला पुढील दहा वर्षे अशा कोणत्याही व्यवस्थापन कंपनीत मालक, भागीदार, संचालक किंवा नोकर म्हणूनही राहता येत नाही. काम सुटल्यावर संघाचे सारे दप्तर कामकाजाच्या वीस दिवसांत परत करणे मॅनेजरवर बंधनकारक आहे. एकविसाव्या दिवसापासून दहा दिवसांपर्यंत दररोज एक हजार डॉलर दंड लागतो आणि सनदही स्थगित होऊ शकते. आमच्या त्या मॅनेजरपुढे असे एखादे कलम असते तर तो दप्तर घेऊन गेला नसता, आणि कदाचित आम्हीही त्याच्या पगारवाढीचा विचार अधिक गांभीर्याने केला असता. कारण सनदी मनुष्याला त्याच्या विद्येचे मोल देण्याचे दायित्वही नेमणाऱ्यांवर येते.

अशा कायद्यांची आवश्यकता कोणत्या प्रसंगांतून पटते ते पाहण्यासाठी नेव्हाडातील लास व्हेगासकडे पाहावे. २००३ ते २००९ या काळात तेथे एका टोळीने अनेक सदनिका-संघ आतून काबीज केले. टोळीतील लोकांनी नाममात्र खरेदीदार उभे करून या संघांत सदनिका घेतल्या, मतपत्रिकांत अफरातफर करून आपली माणसे संचालक मंडळांवर निवडून आणली, आणि मग बांधकामातील दोषांबद्दलचे दावे व दुरुस्तीची कामे आपल्याच वकिलाकडे आणि आपल्याच बांधकाम कंपनीकडे वळविली. या कारस्थानात फितूर मॅनेजरांचाही हात होता, आणि तो असणे अपरिहार्यच होते; कारण सभासदांची यादी, मतपत्रिका आणि सभेची सूचना ज्याच्या ताब्यात असतात त्याच्या संमतीवाचून असे अपहरण सहसा घडत नाही. २००८ च्या सप्टेंबरात केंद्रीय पोलिसांनी धाडी घातल्या आणि पुढे चाळीसहून अधिक लोक दोषी ठरले.

मात्र सनद ही सर्व रोगांवरील मात्रा नव्हे, हेही त्याच निष्ठेने सांगितले पाहिजे. मायामी परिसरातील ‘हॅमॉक्स’ या हजारो घरांच्या वसाहतीत २०२२ च्या नोव्हेंबरात अटका झाल्या त्या मॅनेजरच्या नव्हे, तर मंडळाच्या आजीमाजी पदाधिकाऱ्यांच्या. संघाचे सुमारे वीस लाख डॉलर बनावट ठेक्यांच्या मार्गाने वळविल्याचा आरोप त्यांच्यावर होता. मॅनेजरला शिकवून संचालकांना अज्ञानात ठेवणे व्यर्थ आहे, हा धडा विधिमंडळाने घेतला. आता फ्लॉरिडातील घरमालक संघाच्या प्रत्येक संचालकाला निवडून आल्यापासून नव्वद दिवसांत प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि पुढे दरवर्षी लहान संघात चार तास व अडीच हजार किंवा त्याहून अधिक घरांच्या संघात आठ तास शिकावे लागते. मॅनेजरलाही वर्षातून किमान एकदा सभासदांच्या अथवा मंडळाच्या सभेस जातीने हजर राहावे लागते, आणि ठेकेदाराकडून दलाली खाणे हा आता फौजदारी अपराध आहे.

परंतु या साऱ्या प्रकरणांहून अधिक भीषण अशी एक रात्र त्या राज्याच्या स्मरणात आहे. २४ जून २०२१ च्या पहाटेपूर्वी, मायामीच्या उत्तरेस समुद्रकाठी असलेल्या सर्फसाइड या लहान गावी, ‘शॅम्प्लेन टॉवर्स साउथ’ या बारा मजली इमारतीचा मोठा भाग झोपेतल्या माणसांसह कोसळला आणि अठ्ठ्याण्णव माणसे मृत्यू पावली. ही एकशेछत्तीस सदनिकांची इमारत १९८१ साली बांधलेली होती. पोहण्याच्या तलावालगतच्या सज्जाखालील जलरोधक थर निकामी झाला असून काँक्रीटची मोठी हानी होत आहे, असा अहवाल अभियंत्याने २०१८ सालीच दिला होता. दुरुस्तीचा खर्च तेव्हा सुमारे नव्वद लाख डॉलर सांगितला गेला. राखीव निधी त्या मानाने अत्यल्प होता, सभासद वाढीव वर्गणीला राजी नव्हते, आणि मंडळातील वाद इतके विकोपाला गेले की २०१९ साली बहुसंख्य संचालकांनी राजीनामे दिले. अखेरीस २०२१ च्या एप्रिलमध्ये, तोवर दीड कोटी डॉलरांवर गेलेल्या खर्चासाठी, प्रत्येक घरावर खास वर्गणी बसविण्यात आली. तिचे हप्ते सुरू होण्याच्या सुमारासच इमारत पडली.

या दुर्घटनेचा दोष एखाद्या मॅनेजरवर ढकलणे अन्यायाचे होईल, आणि तसे मी म्हणत नाही. परंतु अभियंत्याचा अहवाल वाचून त्याचा अर्थ सभासदांना समजावणारा, राखीव निधी किती असावा याचे गणित मांडणारा आणि ते अप्रिय गणित दर वर्षी पुन्हा पुन्हा मांडण्याइतका निर्भय मनुष्य प्रत्येक इमारतीला हवा, याविषयी त्या घटनेनंतर कोणाचाही मतभेद राहिला नाही. त्यापूर्वी फ्लॉरिडातील सभासद बहुमताने राखीव निधी न भरण्याचा ठराव करू शकत असत, आणि पुष्कळ ठिकाणी करीतही असत. मे २०२२ च्या कायद्याने इमारतीच्या सांगाड्याशी निगडित कामांपुरती ती मुभा हळूहळू बंद केली, तीन किंवा अधिक मजल्यांच्या सदनिका-इमारतींची तीस वर्षांनंतर आणि पुढे दर दहा वर्षांनी तपासणी सक्तीची केली, आणि मंडळाच्या निर्देशानुसार ही तपासणी पार पाडण्याची जबाबदारी सनदी मॅनेजरच्या कर्तव्यांत लिहून ठेवली.

अमेरिकेतील सर्व राज्ये या मार्गाने गेलेली नाहीत. किंबहुना मॅनेजरला सनद वा नोंदणी सक्तीची करणारी राज्ये थोडकीच आहेत. टेक्सासात सनद नाही. कॅलिफोर्नियात ‘प्रमाणित’ ही पदवी मिरवावयाची असेल तर ठरावीक शिक्षण घ्यावे लागते, परंतु पदवीवाचून काम करण्यास आडकाठी नाही. कॉलरॅडोची कथा विचार करण्याजोगी आहे. तेथे २०१५ साली सनद सुरू झाली. चार वर्षांची मुदत संपल्यावर विधिमंडळाने ती पुढे चालू ठेवण्याचे विधेयक संमत केले, आणि गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी ते नामंजूर केले. व्यवसायाला सनदेचे कुंपण घातल्याने गरीब उमेदवार बाहेर राहतात आणि ग्राहकाला लाभ झाल्याचा पुरावा मात्र मिळत नाही, असा सनदेला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा असतो. तो मुद्दा सर्वस्वी टाकाऊ नाही. शिक्षणाचे शुल्क अवाच्या सवा ठेवून आणि परीक्षा विनाकारण कठीण करून जुन्या लोकांनी नव्यांची वाट अडविल्याची उदाहरणे अनेक व्यवसायांत सापडतात. परंतु ज्याच्या हाती स्वतःचा नव्हे तर परक्यांचा पैसा आहे, आणि ते परके आपसांत विखुरलेले आहेत, त्याच्या बाबतीत हा युक्तिवाद लंगडा पडतो असे मला वाटते. कारण येथे ग्राहक एक नसून शेकडो असतात, आणि त्यांतील एकट्या-दुकट्याला त्या मॅनेजरला सोडून दुसरा पाहण्याचे स्वातंत्र्यच नसते.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने १ नोव्हेंबर २०१७ पासून सनद सक्तीची केली, आणि तिच्यात मला विशेष आवडलेली एक गोष्ट आहे: नवा मनुष्य प्रथम मर्यादित सनद घेतो, पूर्ण सनदधारकाच्या देखरेखीखाली काम करतो, आणि शिक्षण व अनुभव दोन्ही पुरे झाल्यावरच स्वतंत्र होतो. आपल्या जुन्या पेढ्यांत उमेदवारी करणारा मुनीम वर्षानुवर्षे रोजकीर्द लिहीत असे आणि मगच तिजोरीची किल्ली त्याच्या हाती येई, त्याच शहाणपणाचे हे कायदेशीर रूप आहे. टोरांटोच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आपल्या इमारतीच्या मॅनेजरचे नाव प्रांताच्या जाहीर नोंदवहीत पाहता येते.

आता आपल्या दाराकडे वळतो. महाराष्ट्रात लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ साली स्वतंत्र प्रकरण घातले गेले. हिशेबतपासनीस हा शासनाने मान्य केलेल्या नामतालिकेतूनच नेमावा लागतो. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा, आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा करावयाची असते. अधिनियमाच्या कलम २४-अ मध्ये सभासद, अधिकारी आणि कर्मचारी यांच्या प्रशिक्षणाची तरतूद २०१३ पासून आहे, आणि पुष्कळ संस्थांच्या मासिक बिलात ‘शिक्षण व प्रशिक्षण निधी’ अशी एक ओळ असते, जिच्याकडे बिल भरणाऱ्याचे क्वचितच लक्ष जाते. म्हणजे जमाखर्च तपासणारा शासनमान्य, इमला तपासणारा अभियंता शासनमान्य. परंतु जो वर्षातील तीनशे दिवस तो जमाखर्च लिहितो आणि त्या इमल्याची देखभाल पाहतो, त्या मॅनेजरच्या विद्येविषयी वा पूर्वायुष्याविषयी कायदा त्याला काहीही विचारीत नाही.

आणि सर्वांत आश्चर्याची गोष्ट अशी की, या विद्येची परीक्षा आपल्या राज्यात आहे. सहकार खात्यामार्फत जी.डी.सी. अँड ए. या सुपरिचित पदविकेच्या परीक्षेबरोबरच सी.एच.एम., म्हणजे सहकारी गृहनिर्माण व्यवस्थापनाची प्रमाणपत्र परीक्षा घेतली जाते. तिला बसणारे अनेक जण स्वतःच्या उमेदीने अभ्यास करतात, निवृत्त कारकून आणि गृहिणीही बसतात, आणि उत्तीर्ण होऊन हिशेबाचे व व्यवस्थापनाचे काम मिळवितात. परंतु ही परीक्षा उत्तीर्ण झालेला आणि न झालेला यांत नेमणुकीच्या वेळी फरक करण्याचे बंधन कोणत्याही संस्थेवर नाही, आणि उत्तीर्ण झालेल्याने पुढे गैरव्यवहार केला तर त्याचे प्रमाणपत्र काढून घेऊन त्याला दुसरीकडे रुजू होण्यापासून रोखील अशी व्यवस्था नाही. फ्लॉरिडाने सनदेत जे दोन भाग एकत्र बांधले, त्यांतला शिकण्याचा भाग आपल्याकडे ऐच्छिक राहिला आहे आणि उत्तर देण्याचा भाग अजून जन्मालाच यावयाचा आहे.

बारा बिऱ्हाडांच्या लहान सोसायटीला सनदी मॅनेजर परवडणार नाही, असा आक्षेप येईल, आणि तो यथार्थ आहे. त्यास उत्तर फ्लॉरिडाच्याच कायद्यात आहे: संख्येची व अंदाजपत्रकाची मर्यादा घालावी, तीखालील संस्थांना मोकळे ठेवावे, आणि विनावेतन झटणाऱ्या सेक्रेटरीला कधीही अडवू नये. पाचशे-सहाशे सदनिकांची संकुले आज पुण्यात, ठाण्यात आणि नवी मुंबईत उभी आहेत. त्यांचे वार्षिक अंदाजपत्रक कोटींच्या घरात जाते. अशा संकुलांपासून आरंभ करण्यास कोणाचीही अडचण होऊ नये. ज्यांनी सी.एच.एम. परीक्षा उत्तीर्ण केली आहे त्यांची जाहीर नामतालिका शासनाने हिशेबतपासनिसांच्या नामतालिकेप्रमाणेच करावी, गैरव्यवहार सिद्ध झाल्यास तीतून नाव कमी करावे, आणि काम सोडणाऱ्याने दप्तर किती दिवसांत परत द्यावे हे नियमात लिहावे. एवढ्याने आरंभ होईल.

शासन हे कधी करील ते करो. तोवर वाचकांस माझी एक विनंती आहे. आपल्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत भरावयाची असते. यंदाच्या सभेस जरूर जा, आणि ‘मॅनेजरच्या पुढील नेमणुकीत सी.एच.एम. परीक्षा उत्तीर्ण उमेदवारास प्राधान्य द्यावे, आणि काम सोडल्यापासून वीस दिवसांत सर्व दप्तर परत करण्याची अट त्याच्या करारात लेखी घालावी’ असा ठराव आगाऊ लेखी सूचना देऊन मांडा. अनुमोदक एखादा तरी मिळेल.